पडदा दोनदा मिटला की 'नाही'

प्लायवूडच्या दुकानावर एक सभागृह आहे. त्या रविवारी सकाळी तिथे दीडेकशे माणसं बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर कुणातरी गेलेल्या माणसाचं यंत्र होतं. लॅपटॉप कुणी टॉवेलात गुंडाळून आणला होता, कुणी उशीच्या अभ्र्यात. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी टॅब्लेट छातीशी असा धरला होता की आधी मला वाटलं, तान्हं मूलच आहे. खालून करवतीचा आवाज येत होता, लाकडाचा भुसा खिडकीतून आत उडत होता, पण कुणी खोकायलाही तयार नव्हतं.

व्यासपीठावर स्पंदन सर उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायांत पांढरे मोजे, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात तांब्याची जाडजूड अंगठी. खरं नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची गरजही कुणाला वाटली नव्हती.

"देह म्हणजे काय?" सरांनी विचारलं. "देह म्हणजे हार्डवेअर! आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर! हार्डवेअर एक दिवस बिघडतं. पण सॉफ्टवेअर मरतं का हो?"

"नाही!" सभागृह म्हणालं.

"मग माणूस गेल्यावर ते जातं कुठे? जिथे त्याची बोटं रोज फिरली, तिथेच! अहो, माणूस बायकोचा हात किती वेळ धरतो आणि कीबोर्डवर हात किती वेळ ठेवतो? खरं सांगा!"

दोन-चार नवऱ्यांनी मान खाली घातली. बायका हसल्या. सर थांबले, हसू विरू दिलं, आणि एकदम खालच्या पट्टीत म्हणाले, "आज कुणाला बोलायचंय?"

दुसऱ्या रांगेतून माझी ताई उठली.

तिच्या हातात भावजींचा लॅपटॉप होता. व्यासपीठाला दोन पायऱ्या होत्या. उजव्या बाजूचं तिला नीट दिसत नव्हतं, त्यामुळे पहिल्याच पायरीला ठेचकाळली. मी धावलो. तिनं मला तिथे पाहिलं आणि माझा हात बाजूला केला.

सरांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, उघडला आणि पडदा लोकांकडे वळवला. पडद्यावर ताईचाच एक जुना फोटो होता. पुलाच्या कठड्याला टेकून हसणारी, चाळिशीतली ताई.

"साहेब, आलात का?" सरांनी विचारलं आणि उजवा हात अलगद कीबोर्डच्या कोपऱ्यावरून फिरवला. स्पर्श केला नाही. पडदा काळा झाला. हात उचलला, पडदा उजळला, ताई परत हसायला लागली. सभागृहात एकच 'आहाहा' झालं.

"आले! हो असेल तर साहेब एकदा डोळा मिटतील. नाही असेल तर दोनदा. विचारा, ताई."

"ऑपरेशनचं विचारा," ताई म्हणाली. आवाज अगदी घरातला होता, जेवायला वाढू का असं विचारावं तसा.

"साहेब, डॉक्टर म्हणतात डोळ्याला सुरी लावायची. लावू द्यायची?"

पडदा मिटला, उघडला. पुन्हा मिटला, उघडला.

"दोनदा," सर म्हणाले. "साहेब नको म्हणतायत. साहेबांचा आत्मा बघा किती चपळ आहे! बाकीच्यांना वेळ लागतो, हे चटकन उत्तर देतात. आपले ऊर्जित थेंब चालू ठेवा, ताई. सुरीला शिवू नका."

ताईच्या चेहऱ्यावरची सुटका मी पाहिली. तो आत्मा इतका चपळ का होता, हे त्या दीडशे माणसांत फक्त मला कळायला हवं होतं. मीच त्याला तसं बसवलं होतं. पण त्या क्षणी तेही माझ्या लक्षात आलं नाही.

*

हे सगळं कसं झालं ते सांगतो.

भावजी नगररचना कार्यालयात आरेखक होते. चौतीस वर्षं त्यांनी शहराचे नकाशे काढले, आधी हातानं, मग कॉम्प्युटरवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक लॅपटॉप घेतला, त्याच महिन्यात बाजारात आलेला, अगदी कोरा. मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे. वीस वर्षं लिनक्स वापरतो आणि दुसऱ्यांनी वापरावं म्हणून त्यांचं डोकं खातो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. कुणा एका कंपनीची नाही, जगभरातली माणसं मिळून ती लिहितात आणि कुणीही फुकट घ्यावी. मी भावजींना म्हणालो, "यावर दुसरं काही घालू नका. मी रविवारी येतो."

तो रविवार आठ महिने चालला.

यंत्र नवं होतं आणि लिनक्समधला यंत्राशी बोलणारा भाग त्या मानानं जुना. या भागाला कर्नेल म्हणतात. तो दुभाष्यासारखा असतो आणि या नव्या यंत्राची बोली त्याला कळत नव्हती. वाय-फाय दिसेना. टचपॅडवर बोट फिरवलं तर बाण जागचा हलेना. आवाज हेडफोनमधून यायचा, स्पीकरमधून नाही. दुसरा माणूस असता तर त्यानं मला यंत्रासकट घराबाहेर काढलं असतं. भावजींना मात्र त्यात मजा यायची. "मेहुणेबुवा," ते म्हणायचे, "हे नव्या इमारतीत राहायला आल्यासारखं आहे. नळ आहे, पाणी पुढच्या महिन्यात." मी नवा कर्नेल घालायचो, एक गोष्ट सुरू व्हायची, दुसरी बंद पडायची. ताई आम्हाला चहा देऊन म्हणायची, "दोघं मिळून त्याला मारा एकदाचं."

एक दुखणं मात्र शेवटपर्यंत बरं झालं नाही. झाकण मिटून यंत्र झोपवलं की ते परत उठत नसे. शेवटी मी पळवाट काढली. झाकण मिटलं तर झोपायचं नाही, नुसता पडदा बंद करायचा आणि झाकण उघडलं की लगेच लावायचा, असं सेटिंग करून टाकलं.

दुसरी गंमत डेस्कटॉपची. लिनक्समध्ये आतल्या फाइली त्याच ठेवून वरचा चेहरा बदलता येतो. खिडक्या कशा उघडाव्यात, पट्टी खाली असावी की वर, मागे चित्र कोणतं, हे प्रत्येक डेस्कटॉप आपापल्या पद्धतीनं मांडतो आणि आपली मांडणी स्वतःपाशी जपून ठेवतो. भावजींनी सहा चेहरे लावून पाहिले. पहिला अगदी साधा होता, त्यावर त्यांनी ताईचा पुलावरचा फोटो लावला होता. पुढे त्यांना एक नवा, ऐटदार डेस्कटॉप आवडला. त्यावर मागे कोरा निळा रंग ठेवला, डोळ्यांना बरा पडतो म्हणून. फोटो जुन्या डेस्कटॉपमध्येच राहिला. ताईनं तो तिथे कधी पाहिलाच नव्हता.

मग एका सकाळी भावजी बसथांब्यावर उभे असताना खाली बसले आणि उठले नाहीत. एकसष्ट वर्षांचे होते.

लॅपटॉप त्यांच्या टेबलावर उघडाच होता, चार्जर लावलेला. तो बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. सतराव्या दिवशी दुपारी चार वाजता ताई त्याच खोलीत त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. पंख्याची घरघर झाली, काळा पडदा उजळला आणि त्यावर ताई स्वतः उभी होती. चाळिशीतली, पुलावर, हसत.

तिनं मला फोन केला. "धाकट्या, ते आले होते."

मी प्रात्यक्षिक परीक्षेच्या गडबडीत होतो. म्हणालो, "अगं, अपडेट झालं असेल. सेशन जुन्यावर गेलं असेल. फार विचार नको करूस."

"माझा फोटो लावलाय त्यांनी."

"त्यांनी नाही गं लावला. आपोआप लागतं ते. ठेवतो, बाहेर मुलं उभी आहेत."

मी सांगितलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता. रोज दुपारी चारला अपडेट घ्यावं आणि गरज पडली तर यंत्रानं स्वतः बंद होऊन, पासवर्ड न विचारता चालू व्हावं, हे मीच बसवून ठेवलं होतं, कारण त्या वेळी भावजी वामकुक्षी करायचे. त्या दिवशीच्या अपडेटमध्ये नव्या डेस्कटॉपचा एक भाग निघून गेला, म्हणून यंत्रानं शिल्लक असलेला जुना उघडला. जुन्याबरोबर त्यावरचा फोटो आला. इतकंच. पण यातलं एक अक्षर तरी ताईला कळेल असं मी बोललो नाही. तिनं पुन्हा फोन केला नाही आणि मलाही वाटलं, विसरली असेल.

सात आठवड्यांनी तिची शेजारीण प्रयोगशाळेत मला शोधत आली. ती शिवणकाम करते. घाबरलेली होती. "मीच त्यांना त्या सरांकडे नेलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मन रमेल. पण त्यांनी डॉक्टरांचे डोळ्यातले थेंब टाकून दिले हो. सरांच्या बाटलीतले घालतात. परवाच्या गुरुवारी ऑपरेशन होतं, गेल्याच नाहीत. आता डॉक्टरांनी दुसरी तारीख दिलीय, तिलाही नाही म्हणतायत."

ताईला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. थेंब चुकवायचे नसतात. हे तिला माहीत होतं. भावजी दहा वर्षं घड्याळ लावून तिला थेंब घालायचे.

*

त्या रविवारी सभेनंतर मी ताईच्या मागे गेलो. रिक्षात तिच्या शेजारी बसलो.

"ताई, डॉक्टरांकडे चल."

"ते नको म्हणाले."

"ते गेले, ताई."

"तुला माहीत होतं का ते मला किती जपत होते?" ती म्हणाली. "तुझंच यंत्र, तुझंच ते लिनक्स. त्यातून ते माझ्याशी बोलले तर राग तुलाच का येतो?"

घरी जाऊन मी सभेत पाहिलेलं आठवून आठवून लिहून काढलं. ताईनंतर सरांनी अकरा यंत्रं घेतली होती. प्रत्येक वेळी सर आधी हात कीबोर्डभर फिरवायचे. त्याला ते 'नाडी शोधणं' म्हणत. नाडी कधी डाव्या कडेला सापडायची, कधी उजव्या, पण एकदा सापडली की हात तिथेच जायचा. टॅब्लेटही चालला. एक गृहस्थ मात्र टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर दोघांच्या मदतीनं उचलून आले होते, त्यांना सरांनी हात जोडले. "काका, टेबलावरच्या यंत्राला नाडी नसते. त्याचं हृदय पडद्यापासून लांब असतं ना!" काका बिचारे ते धूड घेऊन परत पायऱ्या उतरले.

टेबलावरच्या यंत्राला काय नसतं? मी हा प्रश्न कागदावर लिहिला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्याला झाकण नसतं.

लॅपटॉपला झाकण मिटलं हे कसं कळतं? पडद्याच्या कडेत एक इवलंसं चुंबक असतं आणि खालच्या भागात, हात टेकवतो तिथे कुठेतरी, ते चुंबक ओळखणारा कण. दोन्ही जवळ आले की यंत्राला वाटतं, मिटलं झाकण. टॅब्लेटच्या आवरणातही तेच. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचल्यावर मी फळ्यावर कागद अडकवायचं चुंबक काढलं आणि माझ्या लॅपटॉपवरून हळूहळू फिरवलं. उजव्या कडेपाशी पोचताच पडदा काळा झाला.

बाकीचे लॅपटॉप खरंच झोपी जातात, त्यांना उठायला दोन-तीन सेकंद लागतात. भावजींचा नुसता पडदा मिटतो, कारण मी तो तसा बसवला होता. साहेबांच्या आत्म्याची चपळाई ती एवढी.

आता मी जे केलं ते चुकीचं होतं. खरं तर ते चुंबक घेऊन मी त्याच संध्याकाळी ताईसमोर बसायला हवं होतं. पण रिक्षातलं तिचं बोलणं मला लागलं होतं. मला वाटलं, माझं ती ऐकणार नाही, त्या माणसाचीच सगळ्यांसमोर फजिती झाली पाहिजे. शनिवारी तिच्याकडे गेलो. ती स्वयंपाकघरात होती. मी भावजींच्या टेबलापाशी बसून सेटिंग उघडलं आणि झाकण मिटल्यावर 'काहीही करू नये' असं निवडलं.

"काय करतोयस रे तिथे?" तिनं आतून विचारलं.

"धूळ पुसतोय," मी म्हणालो.

*

रविवारी सभागृह आणखी भरलं होतं. ताईचं नाव झालं होतं, तिला सगळ्यांत आधी बोलावलं.

"साहेब, आलात का?" सरांनी हात फिरवला. पडद्यावर ताई हसतच राहिली. सरांनी हात पुन्हा नेला, थोडा खाली, थोडा डावीकडे. काही नाही. कपाळावर घाम दिसायला लागला, पण जीभ थांबली नाही. त्यांनी डोळे मिटले.

"ताई, तुमच्या घरात कुणीतरी संशय घेतलाय. जवळच्याच माणसानं. द्वार बंद केलंय. साहेब पलीकडे उभे आहेत, त्यांना येता येत नाही."

मला वाटलं होतं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. ताईनं हळूहळू मान वळवली. डाव्या डोळ्यानं मला शोधायला तिला वेळ लागला.

"तू धूळ पुसत होतास," ती म्हणाली. "काय केलंस तू त्यांचं?"

मी उभा राहिलो, खिशातून चुंबक काढलं आणि पुढच्या रांगेतल्या बाईंना म्हणालो, "बाई, एक मिनिट टॅब्लेट देता? काही होणार नाही त्याला." त्यांनी दिला. मी चुंबक कडेला धरलं. पडदा मिटला. काढलं, पडदा उघडला. एकदा केलं, दोनदा केलं. उंच धरून सगळ्यांना दाखवलं.

"हे चुंबक आहे. फळ्यावर लावायचं. यात कुणाचाही आत्मा नाही. झाकण मिटलं असं यंत्राला वाटतं, म्हणून पडदा जातो. भावजींच्या यंत्राला मी झाकणाकडे लक्ष देऊ नको असं सांगून ठेवलंय, म्हणून आज सरांची नाडी सापडत नाहीये. सर, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर करून दाखवा. नाहीतर ती अंगठी काढून करा."

खालची करवत नेमकी थांबली होती. मग मागून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. त्यांच्या काखेत लॅपटॉप होता. माझ्यापाशी येऊन ते हळूच म्हणाले, "म्हणजे तुमच्याही हातात आहे तर. आमच्या मुलीला विचाराल का, शेवटी तिला फार दुखलं का?"

असं काही होईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सगळं समजावून सांगितलं होतं आणि त्यांनी त्यातून एवढंच घेतलं होतं की आता सर दोन झाले. त्यांच्या मागे आणखी दोघंतिघं उठून उभी राहत होती. मी चुंबक त्यांच्या तळहातावर ठेवलं, त्यांचा हात धरला आणि त्यांच्याच लॅपटॉपवरून फिरवला. पडदा मिटला. "तुम्ही केलंत, काका. तुम्हीच. ती नाही."

त्यांनी स्वतः एकदा करून पाहिलं. मग चुंबक मला परत दिलं, लॅपटॉप काखेत मारला आणि कुणाशी न बोलता दाराकडे गेले. त्यांना मी काय दिलं आणि त्यांचं काय काढून घेतलं, याचा हिशेब मला आजही लागत नाही.

इकडे सर मोठ्यानं बोलायला लागले होते. "चुंबक! अहो, पृथ्वीसुद्धा चुंबक आहे! मी तरी कुठे नाही म्हणतो? चुंबक हे आत्म्याचं वाहन आहे!" आणि काही माना खरंच डोलायला लागल्या.

ताई टेबलापाशीच उभी होती. ती म्हणाली, "सर, हात द्या तुमचा. पाया पडायचंय."

सरांना तेवढाच आधार हवा होता. त्यांनी हात पुढे केला. ताईनं तो डाव्या हातात धरला, उजव्या हातानं आपल्या केसातली काळी पिन काढली आणि अंगठीजवळ नेली. टक् करून पिन अंगठीला चिकटली. ताईनं बोटं सोडली. पिन लोंबतच राहिली.

"तांब्याला लोखंड चिकटत नाही," ताई म्हणाली. "हे मला यांनी शिकवलंय. नकाशाच्या पेटीतल्या टाचण्या वेचायला यांच्याकडे चुंबक असायचं."

सरांनी हात झटकला. पिन खाली पडली, पण पहिल्या तीन रांगांनी ती पाहिली होती. कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी म्हणालं, अंगठी फोडा. सर मागच्या दारानं निघाले, मोज्यांवरच. बूट तिथेच राहिले.

*

सोमवारी मी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला, आत उजेड टाकून पाहिलं, मग खुर्ची ओढून ताईच्या अगदी समोर बसल्या. कधी डॉक्टर असे जवळ येऊन बसले की काय ऐकायला मिळणार ते कळतं.

"उजव्या डोळ्याची नस गेली आहे," त्या म्हणाल्या. "आता ऑपरेशन करून तो परत येणार नाही. डावा अजून आहे. त्याचंही ऑपरेशन करावं लागेल, आणि थेंब आयुष्यभर."

"सात आठवडे आधी आले असते तर?" ताईनं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खोटं न बोलता म्हणाल्या, "बराचसा वाचला असता."

सरांच्या बाटलीत काय होतं, ते त्यांनी तपासून घेतलं. मीठ घातलेलं पाणी होतं. त्यानं काही बिघडलं नाही. बिघडलं ते खरं औषध थांबल्यामुळे.

पोलिसांत तक्रार दिली. ताईनं दिली, शिवणकाम करणाऱ्या शेजारणीनं दिली. त्या दीडशेंतलं तिसरं कुणी आलं नाही. काही जण रस्त्यात मला पाहून पलीकडच्या फुटपाथवर जातात. चार महिन्यांनी कळलं, सर शहराच्या दुसऱ्या टोकाला सभा घेतात. अंगठी घालत नाहीत. आता टेबलावरचे कॉम्प्युटरही घेतात म्हणे. नवी युक्ती काय आहे, मला ठाऊक नाही. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा दारातूनच परत पाठवलं.

ताई माझ्याशी बोलते, पण जपून बोलते. एकदा थेंब घालताना मान वर करून म्हणाली, "त्या यंत्रात आता ते नाहीत ना?"

"नव्हतेच, ताई."

"हं." तिनं डोळा मिटला. "तू हे मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं की."

"मला सांगितलं नव्हतंस. तू नुसतं सांगितलं होतंस."

तिचं म्हणणं बरोबर आहे. सर खोटं बोलत होते, पण तिच्यासमोर बसून, तिच्या भाषेत, तिच्या दुःखाला हात घालून बोलत होते. माझ्याकडे खरं होतं आणि मी ते तिच्या अंगावर फेकून परीक्षा घ्यायला गेलो. पुढे तेच खरं सिद्ध करायला मी तिच्याशी खोटं बोललो आणि भर सभेत तिचा नवरा तिच्यापासून दुसऱ्यांदा हिरावून घेतला. तिचा डोळा एकट्या सरांनी घालवला, असं मला म्हणता येत नाही.

हे वाचून सभा रिकाम्या होतील अशी माझी समजूत नाही. गेलेल्या माणसाचा एक शब्द ऐकायला मिळेल म्हटल्यावर मीसुद्धा कुठे गेलो असतो, सांगता येत नाही. तरीही सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर तो तुम्ही म्हणाल त्या वस्तूवर, तुम्ही म्हणाल तसा, अंगावरची प्रत्येक चीज काढून करायला सांगा. जो त्याला नकार देईल त्याच्या हातात आपला डोळा, आपलं मूल, आपलं औषध देऊ नका. डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. आणि ज्यांना कारण ठाऊक आहे त्यांनी ते समोरच्याला कळेपर्यंत सांगा, पुन्हा पुन्हा, न चिडता. मेलेली माणसं बोलत नाहीत. याहून वाईट गोष्ट मला माहीत नाही. पण ती खरी आहे, आणि उरलेला डोळा वाचवायचा तर खऱ्याशिवाय दुसरं काही उपयोगी पडत नाही.